२०२५ च्या भौतिकशास्त्राच्या बातम्या: कोणत्या पक्क्या, कोणत्या अजून कच्च्या?

तरंगलांबी

महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळात २०२५ मधल्या भौतिकशास्त्राचा आढावा सादर करायचा आहे. वेळ पाऊण तास, श्रोते पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे. कात्रणं भरपूर जमली आहेत, पण काही गोष्टींचा ताळमेळ लागत नाही.

एक, म्युऑनचा (इलेक्ट्रॉनच्या जड भावाचा) 'जी मायनस टू' प्रयोग, म्हणजे त्याच्या चुंबकीय आघूर्णाचं अतिअचूक मोजमाप. २०२१ आणि २०२३ मध्ये 'स्टँडर्ड मॉडेलला' (मूलकणांच्या मान्य सिद्धांताला) 'तडा' अशा बातम्या होत्या. २०२५ च्या जूनमध्ये अंतिम निकाल आला, तो आधीच्या आकड्यांशी नीट जुळतो, आणि तरीही आता तडा नाही म्हणतात. प्रयोगाचा आकडा तोच असेल तर निष्कर्ष कसा बदलला?

दोन, डार्क एनर्जी (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी अज्ञात ऊर्जा) बदलतेय ही दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी सर्वेक्षणाची बातमी. कुठे २.८ सिग्मा (फरक अनिश्चिततेच्या किती पट आहे ते माप), कुठे ३.१, कुठे ४.२. स्लाइडवर कुठला लिहू?

तीन, फ्यूजनचे विक्रम, मायोराना चिप, कृष्णविवरांचं क्षेत्रफळ, समुद्राखालचा न्यूट्रिनो. यातलं काय घ्यावं आणि काय गाळावं?

वर्णपट

जी मायनस टू आधी घेतो, कारण ते समजलं की वर्षातल्या निम्म्या बातम्या वाचायची रीत सापडते. 'तडा' हा दोन आकड्यांमधला फरक असतो. एक आकडा प्रयोगाचा, दुसरा सिद्धांताचा, आणि दोघांनाही आपापली अनिश्चितता असते. वर्तमानपत्रं फक्त प्रयोगाची बाजू छापतात.

आकडे असे. सगळे १०⁻¹¹ च्या पटीत वाचा. म्युऑनच्या विसंगत चुंबकीय आघूर्णाची जागतिक सरासरी आता ११६५९२०७१.५, अनिश्चितता १४.५. सिद्धांतगटाने २०२० मध्ये दिलेली किंमत होती ११६५९१८१०, अनिश्चितता ४३. फरक २६१.५. दोन अनिश्चिततांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ४५ च्या आसपास येतं. भागाकार केला की साधारण ५.८ सिग्मा. हा झाला तडा.

त्याच गटाने मे २०२५ मध्ये नवी किंमत दिली: ११६५९२०३३, अनिश्चितता ६२. आता फरक ३८ आणि एकत्रित अनिश्चितता सुमारे ६३. म्हणजे ०.६ सिग्मा. प्रयोग जागचा हलला नाही, समोरचा आकडा हलला. हा भागाकार फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या, दोन मिनिटांत होतो.

सिद्धांत का हलला? म्युऑनच्या भोवती निर्वातात क्वार्कच्या जोड्या क्षणभर निर्माण होऊन नाहीशा होतात, त्यांचा वाटा काढणं सगळ्यात अवघड. २०२० मध्ये तो इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या मोजमापांवरून काढला होता. २०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या सीएमडी-३ प्रयोगाने अशा टकरींत दोन पायॉन (क्वार्कच्या जोडीचे हलके कण) तयार होण्याचं प्रमाण आधीच्या प्रयोगांपेक्षा जास्त मोजलं. ही मोजमापं आपसातच जुळेनात, म्हणून या वेळी मुख्य वाटा लॅटिस पद्धतीने, म्हणजे अवकाश-काळाची जाळी करून महासंगणकावर काढलेल्या गणितातून घेतला. अनिश्चितता ४३ ची ६२ झाली हेही सांगा. फरक मिटण्यात किंमत सरकल्याचा हात मोठा, पण पट्टा रुंदावल्याचाही आहे. म्हणून 'स्टँडर्ड मॉडेल जिंकलं' असं लिहू नका. टकरींची मोजमापं एकमेकांशी का जुळत नाहीत हा प्रश्न उघडाच आहे आणि पुढचं सगळं काम तिथे आहे.

प्रयोगाचं कौतुक मात्र हातचं राखून करू नका. अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेत सुमारे १४ मीटर व्यासाचं कडं, त्यात १.४५ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र. म्युऑनचा संवेग ३.०९ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच ठेवतात, कारण नेमक्या त्या संवेगाला, झोत आवळून धरणाऱ्या विद्युतक्षेत्राचा फिरकीवरचा परिणाम जवळजवळ शून्य होतो. या वेगाला म्युऑनचं २.२ मायक्रोसेकंदांचं आयुष्य ताणून ६४ होतं. फिरकीची दिशा गतीच्या दिशेच्या तुलनेत दर ४.४ मायक्रोसेकंदांना एक फेरी मारते. म्युऑनच्या क्षयातून निघणारे जोमदार पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे प्रतिकण) फिरकीच्या रोखाने जास्त निघतात, त्यामुळे आतल्या बाजूच्या २४ कॅलरीमापकांमधली (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणांमधली) मोजणी वरखाली होत राहते. त्या वरखालीची वारंवारता आणि चुंबकीय क्षेत्र, या दोनच गोष्टी मोजायच्या.

बिघडतं कुठे? दोन पॉझिट्रॉन एकाच क्षणी आले की एकच मोठा समजला जातो. झोत कड्यात श्वास घेतल्यासारखा आकुंचन-प्रसरण पावतो. क्षेत्र जागोजागी किंचित वेगळं असतं, म्हणून क्षेत्र मोजणारे ३७८ स्थिर एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकी अनुनाद) शोधक सतत पहारा देतात आणि दर काही दिवसांनी १७ शोधकांची गाडी कड्यातून फिरवतात. शिवाय घड्याळाची खरी वारंवारता विश्लेषण करणाऱ्यांपासून लपवलेली असते. सगळं विश्लेषण गोठवल्यावरच ती उघडतात, म्हणजे हव्या त्या उत्तराकडे नकळत झुकायला वाव राहत नाही. ध्येय १४० भाग प्रति अब्ज होतं, मिळाली १२७.

दीर्घिका

डेसीचं उत्तर: एकच सिग्मा लिहायचाच नाही. वेगवेगळे आकडे वेगवेगळ्या सरमिसळींचे आहेत.

ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या ४ मीटर मेयॉल दुर्बिणीवर ५,००० प्रकाशतंतू, प्रत्येकाला स्वतःचा छोटा रोबो. मार्च २०२५ मध्ये पहिल्या तीन वर्षांच्या माहितीचं विश्लेषण आलं, त्यात १ कोटी ४० लाखांहून जास्त दीर्घिका आणि क्वासार. मोजतात काय, तर बाळविश्वातल्या ध्वनिलहरींनी मागे ठेवलेलं ठरावीक अंतर, आजच्या मापाने सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षं. ही झाली मोजपट्टी. वेगवेगळ्या काळात ती आकाशात किती मोठी दिसते यावरून प्रसरणाचा इतिहास मिळतो.

डार्क एनर्जी स्थिर असेल तर तिचा दाब आणि घनता यांचं गुणोत्तर कायम −१. बदलती मानली तर दोन आकडे लागतात, आजची किंमत आणि बदलण्याचा वेग. डेसीत वैश्विक पार्श्वप्रारण (बाळविश्वातून उरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण) मिसळलं की स्थिर डार्क एनर्जीच्या विरुद्ध ३.१ सिग्मा. त्यात अतिनवताऱ्यांचा (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा) पँथिऑन प्लस संच घातला तर २.८, युनियन ३ घातला तर ३.८, डीईएसचा (डार्क एनर्जी सर्व्हेचा) पाच वर्षांचा घातला तर ४.२. साध्या भाषेत २.८ म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता साधारण २०० त एक, आणि ४.२ म्हणजे साधारण ३७,००० त एक. पाहिजे तो संच निवडून मथळा करता येतो, अडचण हीच आहे.

अतिनवताऱ्यांमध्ये गडबड कुठे होते? दूरचे तारे एका सर्वेक्षणातले, जवळचे बहुतेक जुन्या आणि वेगळ्या दुर्बिणींतले. दोन्हींची तेजस्विता एका मापावर आणताना मॅग्निट्यूडच्या (तेजाच्या मापाच्या) काही शतांश भागांची चूक राहिली तरी ती 'डार्क एनर्जी बदलते' अशी दिसू शकते. आणि झालंही तसंच. डीईएसच्या गटाने आपल्या ताऱ्यांचं कॅलिब्रेशन नव्याने केलं तेव्हा ४.२ चा आकडा ३.२ वर आला. इशारा नाहीसा झाला नाही, पण हजारात एकाच्या जवळपास आला.

तेव्हा स्लाइडवर चारही आकडे, शेजारी संचाचं नाव, आणि खाली नव्या कॅलिब्रेशनचा आकडा. 'शोध' हा शब्द नको, 'इशारा' ठेवा. माझ्या मते तरीही हा वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा इशारा आहे, कारण अतिनवतारे पूर्ण वगळले तरी ३.१ उरतो.

तरंगलांबी

दोघांचेही आभार. वर्णपट, तो भागाकार नक्की करून घेणार. दीर्घिका, ३.२ सिग्मा म्हणजे 'बदलती डार्क एनर्जी चूक असण्याची शक्यता हजारात एक' असं म्हणू का?

दीर्घिका

नाही, ते उलटं होईल. डार्क एनर्जी खरोखर स्थिर आहे असं धरून चाललो, तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता ती. शिवाय त्या हिशोबात कॅलिब्रेशनची न ओळखलेली चूक धरलेलीच नसते.

कणाद

कृष्णविवरांचं क्षेत्रफळ अजिबात गाळू नका. यंदाची सगळ्यात स्वच्छ बातमी ती, आणि गणित शाळकरी आहे.

१४ जानेवारी २०२५ ला अमेरिकेतल्या लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन या दोन्ही वेधशाळांनी पकडलेला गुरुत्वलहरींचा संकेत, नाव जीडब्ल्यू२५०११४. सूर्याच्या ३३.६ आणि ३२.२ पट वस्तुमानांची कृष्णविवरं एक होऊन ६२.७ पटीचं झालं. २०१५ चा पहिला संकेतही जवळपास अशाच जोडीचा आणि एवढ्याच अंतरावरचा होता, पण तेव्हा संकेत गोंगाटाच्या २४ पट होता, यंदा जवळपास ८० पट. म्हणजे विश्व तेच, कान तीक्ष्ण झाले.

आता गणित. न फिरणाऱ्या कृष्णविवराची त्रिज्या एका सूर्यामागे २.९५ किलोमीटर. पहिल्याची ९९, दुसऱ्याची ९५ किलोमीटर. चार पाय आर वर्ग काढून बेरीज केली की सुमारे २ लाख ३७ हजार चौरस किलोमीटर. नव्याची त्रिज्या १८५, क्षेत्रफळ ४ लाख ३० हजार. पण नवं कृष्णविवर जोरात फिरतंय, कमाल फिरकीच्या साधारण ०.६८ पट, आणि फिरणाऱ्याचं क्षेत्रफळ कमी भरतं. एक वजा फिरकीचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, त्यात एक मिळवून दोनने भागा: ०.८७ येतं. गुणलं की ३ लाख ७३ हजार. जाहीर झालेले ठोकळ आकडे २ लाख ४० हजार आणि ४ लाख, त्यांच्याशी हे जुळतं. हॉकिंगने १९७१ मध्ये मांडलं होतं की एकूण क्षेत्रफळ कधी घटत नाही. त्याची पडताळणी आता ९९.९९९ टक्के विश्वासाने झाली. २०१५ च्या संकेतावरून ती २०२१ मध्ये ९५ टक्क्यांपर्यंतच पोहोचली होती.

मुलं विचारतील: वस्तुमान तर घटलं, ३.१ सूर्य लहरींतून निघून गेले, मग क्षेत्रफळ वाढलं कसं? कारण ते वस्तुमानाच्या वर्गावर अवलंबून असतं. ३३.६ आणि ३२.२ च्या वर्गांची बेरीज २,१६६, तिचं वर्गमूळ ४६.५. म्हणजे न फिरणाऱ्या कृष्णविवरांच्या हिशोबात हॉकिंगचा नियम जवळपास १९ सूर्य उधळायला परवानगी देतो, प्रत्यक्षात तीनच गेले. नियम काठावर नव्हे, ऐसपैस पाळला गेला.

एक काळजी घ्या. क्षेत्रफळ थेट कोणी पाहिलेलं नाही. टक्कर होण्याआधीचा भाग आणि नंतरची घंटेसारखी घुमत विरणारी लहर हे दोन तुकडे वेगवेगळे जुळवून वस्तुमान आणि फिरकी काढतात, मग क्षेत्रफळ. मधला सगळ्यात जोराचा भाग या चाचणीत मुद्दाम वगळतात. तो धरला तर दोन्ही तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत.

सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाची बातमी कात्रणांत दिसली नाही, ती घ्या. प्रोटॉनच्या कुळातल्या कणांमध्ये, बेरिऑनमध्ये, कण आणि प्रतिकणाच्या क्षयातला फरक पहिल्यांदा ५ सिग्मापलीकडे दिसला. लॅम्डा-बी हा बेरिऑन मोडून एक प्रोटॉन, एक केऑन (पायॉनसारखाच एक कण) आणि दोन पायॉन होतात. तो आणि त्याचा प्रतिकण यांच्या प्रमाणात २.४५ टक्के फरक, ५.२ सिग्मा. मेसॉनमध्ये, म्हणजे क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीच्या कणांमध्ये, असा फरक १९६४ पासून माहीत आहे. मात्र 'विश्वात द्रव्य का उरलं याचं उत्तर मिळालं' असं छापलंय ते चूक. हा फरक स्टँडर्ड मॉडेलमध्ये बसतो, आणि त्या मॉडेलमधला एकूण फरक विश्वातलं द्रव्य समजावून सांगायला फारच अपुरा पडतो.

थंडगार_क्यूबिट

मायोराना चिप: घ्या, पण बातमी कशी वाचावी याचं उदाहरण म्हणून. फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की टोपोलॉजिकल क्यूबिटवर (क्वांटम संगणकाच्या, गोंगाटाने सहज न बिघडणाऱ्या एककावर) चालणारी चिप तयार आहे. त्याच दिवशी 'नेचर'मध्ये निबंध आला. त्या निबंधाच्या पानावर सर्वात खाली समीक्षकांच्या पत्रव्यवहाराची फाइल आहे, ती उघडा. संपादकांनी स्पष्ट लिहिलंय की या निबंधातले निकाल म्हणजे या उपकरणांमध्ये मायोराना शून्य-अवस्था (असा क्यूबिट ज्यांवर उभा राहतो त्या खास अवस्था) असल्याचा पुरावा नव्हे. निबंधात दाखवलंय एवढंच: इंडियम आर्सेनाइड आणि अॅल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म तारेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या सम की विषम हे एका मोजणीत वाचता येतं. चांगलं काम आहे. पण साध्या, टोपोलॉजिकल नसलेल्या अवस्थाही असा संकेत देऊ शकतात, वादाची गाठ तिथेच आहे. याच क्षेत्रातला 'नेचर'मधला २०१८ चा एक गाजलेला निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला होता, त्यामुळे लोक जास्तच सावध आहेत.

प्रसिद्धिपत्रक आणि निबंधाचा सारांश शेजारी ठेवून क्रियापदं ताडून पाहा. 'तयार केली' आणि 'सुसंगत आहे' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

२०२५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलला मात्र दहा मिनिटं द्या. क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीला दाखवलं की अब्जावधी इलेक्ट्रॉन-जोड्यांचं पूर्ण मंडल एकाच पुंजकणासारखं वागू शकतं. दोन अतिवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा पातळ थर, म्हणजे जोसेफसन जोड. त्यातून प्रवाह सोडला तरी सुरुवातीला व्होल्टेज शून्य असतं. थोड्या वेळाने ते अचानक उमटतं. तापमान कमी करत गेलं की हा निसटण्याचा दर घटत जातो, आणि एका तापमानाखाली घटायचा थांबतो. उष्णतेच्या धक्क्याने निसटत असता तर घटतच राहिला असता. न घटणं हीच टनेलिंगची, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न चढता आरपार जाण्याची, खूण. मग सूक्ष्मलहरी सोडून दाखवलं की ऊर्जेच्या पातळ्या सुट्या सुट्या आहेत.

चुकण्याची जागा इथे फार जवळ होती. मापनाच्या तारांमधून खोलीच्या तापमानाचा सूक्ष्मलहरींचा गोंगाट खाली झिरपला तरी दर असाच सपाट होतो, म्हणजे टनेलिंग नसताना टनेलिंग दिसतं. म्हणून त्यांनी तारा तांब्याच्या भुकटीने भरलेल्या फिल्टरांतून नेल्या आणि जोडाचे सगळे गुणधर्म त्याच थंडीत स्वतंत्रपणे मोजले. आजही अतिवाहक क्यूबिटच्या शीतकपाटात अशी गाळणी लागतेच.

वर्णपट

फ्यूजन: एका स्लाइडपेक्षा जास्त नको, आणि विक्रमांची एकमेकांशी तुलना तर नकोच. मोजलेली राशीच वेगळी आहे. चीनच्या ईस्ट या फ्यूजन यंत्राने २० जानेवारीला प्लाझ्मा (अतितप्त विद्युतभारित वायू) १,०६६ सेकंद धरला, फ्रान्सच्या वेस्टने १२ फेब्रुवारीला १,३३७ सेकंद. हा टिकण्याचा विक्रम. दोन्हीकडे ड्युटेरियम-ट्रिटियमचं इंधन नव्हतंच, त्यामुळे त्यातून ऊर्जा निघण्याचा प्रश्नच नाही. जर्मनीच्या वेंडेलस्टाइन ७-एक्स यंत्राचा मे महिन्यातला विक्रम घनता, तापमान आणि ऊर्जा धरून ठेवण्याचा काळ यांच्या गुणाकाराचा, तोही ४३ सेकंद टिकवून. तर अमेरिकेच्या एनआयएफ या लेझर फ्यूजन प्रयोगशाळेत एप्रिलमध्ये २.०८ मेगाज्यूल लेझरवर ८.६ मेगाज्यूल मिळाले, म्हणजे चौपट. पण तो लेझर पेटवायला वीजजोडणीतून सुमारे ३०० मेगाज्यूल लागतात. हा शेवटचा आकडा न सांगता चौपट सांगणं ही फसवणूक होईल.

कणाद

समुद्राखालच्या न्यूट्रिनोसाठी (द्रव्यातून जवळपास अडथळ्याविना जाणाऱ्या, अतिशय हलक्या कणासाठी) दोन वाक्यं पुरतात. सिसिलीजवळ ३,४५० मीटर खोल केएम३नेट या न्यूट्रिनो-दुर्बिणीच्या २१ शोधक-साखळ्यांनी १३ फेब्रुवारी २०२३ ला एक म्युऑन पकडला, तो क्षितिजाच्या जेमतेम ०.६ अंश वरून आला. एवढं आडवं पाणी आणि खडक ओलांडून वातावरणातला म्युऑन जिवंत पोहोचत नाही, म्हणून तो न्यूट्रिनोतून जन्मला. फेब्रुवारी २०२५ च्या निबंधात न्यूट्रिनोची अंदाजे ऊर्जा २२० पेटा इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, पण पट्टा ७२ पासून २,६०० पर्यंत, तोही लिहा. कितीतरी मोठ्या आइसक्यूबला (दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातल्या न्यूट्रिनो-शोधकाला) इतक्या वर्षांत असा एकही दिसलेला नाही, त्यामुळे एका घटनेवरून प्रवाह सांगणं धाडसाचं.

तरंगलांबी

शेवटची शंका. न्यूट्रिनोच्या वस्तुमानाला कॅट्रिन या जर्मनीतल्या प्रयोगाने ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्टची मर्यादा दिली, डेसीने ०.०६४. डेसी सातपट चांगली म्हणायची का?

दीर्घिका

नको, राशीच वेगळ्या. डेसीचा आकडा तिन्ही न्यूट्रिनोंच्या बेरजेचा. कॅट्रिनचा एका परिणामी वस्तुमानाचा. तिघांची वस्तुमानं जवळपास सारखी धरली तर कॅट्रिनची बेरीज १.३५ होते.

पण खरा फरक भरवशाचा. कॅट्रिन ट्रिटियमच्या क्षयातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा १८.६ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या टोकाशी मोजतं. न्यूट्रिनोला वस्तुमान असेल तर ते टोक किंचित अलीकडे येतं आणि आलेखाचा आकार बदलतो. टोकाच्या शेवटच्या एका इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये १०¹³ तले जेमतेम दोन इलेक्ट्रॉन येतात, म्हणून एवढं अवाढव्य उपकरण: ७० मीटर लांबी, १० मीटर व्यासाचा वर्णपटमापक. एप्रिल २०२५ चा निकाल २५९ दिवसांच्या आणि ३.६ कोटी इलेक्ट्रॉनांच्या मोजणीवरचा आहे. यात विश्वाबद्दल काहीही गृहीत धरलेलं नाही.

डेसीचा ०.०६४ मात्र डार्क एनर्जी स्थिर आहे असं धरून काढलेला. बदलती धरली की तोच आकडा ०.१६ होतो. शिवाय न्यूट्रिनोचे प्रकार एकमेकांत बदलतात, त्याच्या मोजमापांवरून बेरीज किमान ०.०५९ हवी. स्थिर डार्क एनर्जीत डेसीची मर्यादा त्या किमान आकड्याला जवळपास टेकली आहे. त्यामुळे ही स्लाइड न्यूट्रिनोच्या भागात न ठेवता डार्क एनर्जीच्या स्लाइडला लागून ठेवा, आणि ०.०६४ व ०.१६ दोन्ही लिहा.